पेपर फुटू न देता: ईसीजीवरून अनियमित ठोके ओळखणारं डीप लर्निंग मॉडेल

ईसीजीवर डीप लर्निंग करायला बसलेल्या बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास अचूकता मिळते. मलाही मिळाली होती. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी एका मित्राने सहज विचारलं, "चाचणीतले पेशंट ट्रेनिंगमध्येही होते का रे?" होते. सगळेच्या सगळे होते. वाटणी बदलून पुन्हा मॉडेल चालवलं, तर आकडे धाडकन खाली आले, आणि एका वर्गात तर मॉडेल बरोबर कमी आणि चूक जास्त सांगत होतं. प्रश्नपत्रिका आधीच फुटली असली की कोणीही पहिला येतो.

या लेखात मी तेच मॉडेल पुन्हा, पेपर फुटू न देता, पहिल्यापासून कसं बांधायचं ते सांगतो. तुम्हाला पायथन येतं आणि एखादं न्यूरल नेटवर्क तुम्ही कधीतरी ट्रेन केलं आहे, एवढं धरून चाललो आहे. हृदयाबद्दल फारसं माहीत नसलं तरी चालेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. घरी बनवलेल्या अशा मॉडेलवरून स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हृदयाचं निदान करू नका. छातीत धडधड होत असेल तर डॉक्टरकडे जा, लॅपटॉपकडे नको.

आधी ठोका समजून घ्या

हा भाग गाळून थेट कोडवर उडी मारायचा मोह होतो. मारू नका. मॉडेलला काय दाखवायचं, हे इथेच ठरतं.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात साइनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. विजेचा संदेश तिथून निघतो, वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात आणि ईसीजीवर एक छोटा उंचवटा उमटतो. ती पी लहर. मधल्या एव्ही नोडपाशी संदेश जरा रेंगाळतो, मग खालच्या कप्प्यांत वेगाने पसरतो आणि उंच टोकदार सुळका दिसतो. तो क्यूआरएस. त्यानंतर स्नायू पुन्हा तयार होताना टी लहर येते. निरोगी माणसात क्यूआरएस ०.१२ सेकंदांहून अरुंद असतो आणि शांत बसलेलं हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा ठोके देतं.

आता बिघाड कसा दिसतो ते पाहा. संदेश खालच्या कप्प्यातूनच अवेळी निघाला, तर तो नेहमीच्या वाटेने न जाता आडवाटेने पसरतो. त्यामुळे क्यूआरएस रुंद आणि बेढब होतो आणि त्याआधी नेहमीची पी लहर नसते. याला पीव्हीसी म्हणतात. असा ठोका नवखा माणूसही पाच मिनिटांत ओळखायला शिकतो. संदेश वरच्या कप्प्यातून पण साइनस नोड सोडून दुसरीकडून अवेळी निघाला, तर खालची वाट नेहमीचीच असते. क्यूआरएस हुबेहूब नॉर्मल दिसतो, फक्त लवकर येतो. आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचे कप्पे नुसते थरथरतात. पी लहर गायब होते आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराला कसलाच ताल उरत नाही.

थोडक्यात, पहिला बिघाड आकारात आहे, दुसरा वेळेत आहे आणि तिसरा ओळखायला बरेच ठोके सलग बघावे लागतात. एकाच ठोक्याचा तुकडा कापून मॉडेलला दिला, तर दुसरा बिघाड त्याला दिसणार कसा? तीनही बिघाडांसाठी एकच इनपुट वापरणं ही सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक, आणि ती मीही केली आहे.

कोणती माहिती घ्यायची

शिकण्यासाठी एमआयटी-बीआयएच अ‍ॅरिदमिया डेटाबेस घ्या. जुना आहे, लहान आहे, पण त्याच्यावर एवढं काम झालं आहे की तुमची चूक लगेच लक्षात येते. बोस्टनमधल्या बेथ इस्रायल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत १९७५ ते १९७९ या काळात तपासलेल्या ४७ जणांच्या, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी त्यात आहेत. सेकंदाला ३६० नमुने, दोन चॅनल. किमान दोन हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून प्रत्येक ठोक्यावर खूण केली आहे आणि अशा सुमारे १,१०,००० खुणा आहेत. १९८० पासून तो संशोधकांना मिळतो आणि आज फिजिओनेट या वैद्यकीय सिग्नलच्या खुल्या संकेतस्थळावर फुकट आहे.

यातल्या २३ नोंदी चिठ्ठी काढावी तशा, कसलीही पारख न करता निवडलेल्या आहेत, पण उरलेल्या २५ दुर्मीळ आणि महत्त्वाचे बिघाड यावेत म्हणून मुद्दाम वेचलेल्या आहेत. म्हणजे हा संच रस्त्यावरच्या माणसांचं प्रतिनिधित्व करत नाही. शेवटी याचा संदर्भ पुन्हा येईल.

पुढे जायचं असेल तर फिजिओनेटवरचे आणखी दोन संच उपयोगी पडतात. पीटीबी-एक्सएलमध्ये १८,००० हून अधिक पेशंटचे, दहा सेकंदांचे, बारा लीडचे (लीड म्हणजे हृदयाची वीज ज्या कोनातून मोजली तो कोन) २१,००० हून अधिक ईसीजी आहेत. आणि २०१७ च्या फिजिओनेट स्पर्धेत हातात धरायच्या उपकरणाने घेतलेल्या ८,५२८ एकेरी लीडच्या नोंदी ट्रेनिंगसाठी दिल्या होत्या. त्यांची लांबी ९ सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत आहे आणि त्यात नॉर्मल, एट्रियल फिब्रिलेशन, इतर लय आणि 'नुसता गोंगाट' असे चार वर्ग आहेत. चौथा वर्ग ठेवणाऱ्याला मी मनोमन सलाम करतो. "मला कळत नाही" असं म्हणायची सोय मॉडेलला असलीच पाहिजे.

नोंदी वाचताना लागणाऱ्या ठेचा

नोंदी वाचायला डब्ल्यूएफडीबी नावाची पायथन लायब्ररी आहे. नोंदीचा क्रमांक दिला की सिग्नल आणि खुणा दोन्ही मिळतात. सोपं आहे, पण तीन ठिकाणी पाय अडकतो.

पहिलं, बहुतेक नोंदींत पहिलं चॅनल एमएलटू या लीडचं असतं, म्हणून लोक डोळे झाकून पहिलं चॅनल घेतात. नोंद ११४ मध्ये क्रम उलटा आहे. चॅनल नेहमी नावाने निवडा, क्रमांकाने नको.

दुसरं, प्रत्येक खूण म्हणजे ठोका नव्हे. अधिकचं चिन्ह लय बदलल्याचं सांगतं, नागमोडी चिन्ह सिग्नलचा दर्जा बदलल्याचं. या खुणा ठोके समजून कापल्या, तर मॉडेलला भलतेच तुकडे मिळतात. ठोक्यांच्या चिन्हांची यादी आधी लिहून काढा आणि तेवढीच ठेवा.

तिसरं, १०२, १०४, १०७ आणि २१७ या चार नोंदी पेसमेकर बसवलेल्या पेशंटच्या आहेत. प्रमाणित पद्धतीत त्या वगळतात. तुम्हीही वगळा.

मग उरलेली चिन्हं एएएमआयच्या (वैद्यकीय उपकरणांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) पाच वर्गांत टाकायची. एन मध्ये नॉर्मल ठोके आणि डाव्या-उजव्या बंडल ब्रँच ब्लॉकचे (खालच्या कप्प्यांकडे जाणारी एक वाट अडलेले) ठोके, एस मध्ये वरच्या कप्प्यातले अवेळी ठोके, व्ही मध्ये खालच्या कप्प्यातले, एफ मध्ये दोन संदेश एकमेकांत मिसळून झालेले ठोके, आणि क्यू मध्ये न ओळखता येणारे. पेसमेकरच्या नोंदी काढल्यावर क्यू मध्ये जेमतेम पंधरा ठोके उरतात. तो वर्ग शिकवायच्या भानगडीत पडू नका.

वाटणी: सगळा जीव इथे आहे

सगळे ठोके एका पातेल्यात ओतले, ढवळले आणि ऐंशी-वीस वाटले, की एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे जातात. एका माणसाचे लागोपाठचे दोन ठोके जुळ्या भावांसारखे असतात. मॉडेल मग बिघाड शिकत नाही, माणसं पाठ करतं. "असा दिसणारा क्यूआरएस म्हणजे अमुक पेशंट, आणि त्याचे असे ठोके पीव्हीसी असतात" ही शुद्ध घोकंपट्टी झाली. खऱ्या वापरात समोर येणारा पेशंट मॉडेलने आधी कधीच पाहिलेला नसतो.

यावरचा उपाय २००४ पासून रूढ आहे. दि शझाल आणि सहकाऱ्यांनी उरलेल्या ४४ नोंदी बावीस-बावीसच्या दोन गटांत वाटल्या. डीएस१ वर शिकायचं, डीएस२ वर परीक्षा द्यायची. डीएस१ मध्ये १०१, १०६, १०८, १०९, ११२, ११४, ११५, ११६, ११८, ११९, १२२, १२४, २०१, २०३, २०५, २०७, २०८, २०९, २१५, २२०, २२३ आणि २३० या नोंदी येतात. उरलेल्या सगळ्या डीएस२ मध्ये. ही वाटणी वापरली की तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

पण हीदेखील अगदी सोवळी वाटणी नाही. नोंदी ४८ आणि माणसं ४७, हे वर वाचलं असेल. नोंद २०१ आणि २०२ एकाच माणसाच्या आहेत, आणि या वाटणीत २०१ शिकायला तर २०२ परीक्षेला आहे. म्हणून मी आकडे दोनदा काढतो, एकदा २०२ धरून आणि एकदा वगळून.

याहून मोठी गोम दुर्मीळ वर्गांत आहे. डीएस२ मध्ये एस वर्गाचे सुमारे १,८३७ ठोके आहेत आणि त्यातले १,३८२ एकट्या नोंद २३२ मधले. म्हणजे एस वर्गातलं तुमचं यश तीन-चतुर्थांश एका माणसावर ठरतं! एफ वर्गाचं तर विचारूच नका. डीएस१ मधल्या ४१५ पैकी ३७३ ठोके नोंद २०८ चे, आणि डीएस२ मधल्या ३८८ पैकी ३६२ नोंद २१३ चे. एका माणसावर शिकायचं आणि एका माणसावर परीक्षा द्यायची, याला शिकणं म्हणत नाहीत. माझं मत असं की सुरुवातीला एन, एस आणि व्ही हे तीनच वर्ग धरा. एफ व्ही मध्ये मिसळा किंवा बाजूला ठेवा, आणि काय केलं ते स्पष्ट लिहा.

आता तपासणीचा संच. मॉडेल कधी थांबवायचं, कोणता उंबरठा ठेवायचा, हे ठरवायला डीएस२ ला हातही लावायचा नाही. डीएस१ चेच नोंदीनुसार पाच भाग करा आणि पाळीपाळीने एक भाग तपासणीला ठेवा. साय-किट-लर्नमध्ये गटानुसार वाटणारी सोय आहे, तिला गट म्हणून पेशंटचा क्रमांक द्या. डीएस२ चं पाकीट शेवटी एकदाच उघडायचं. चार वेळा उघडून प्रत्येक वेळी मॉडेल सुधारलं, तर ती परीक्षा राहिली नाही, सराव झाला.

सिग्नल साफ करणं

यात फार वेळ घालवू नका. श्वासाबरोबर आणि हालचालीने मूळ रेषा वरखाली डुलते. ०.५ हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं की ती बरीचशी स्थिर होते. वरच्या बाजूला ४० हर्ट्झच्या आसपास कापलं तर विजेच्या तारांचा ५० किंवा ६० हर्ट्झचा गुणगुणाट आणि स्नायूंची खरखर बरीच कमी होते. फिल्टर पुढून आणि मागून असा दोनदा चालवला की लहरी जागच्या हलत नाहीत. मात्र थेट चालू सिग्नलवर काम करायचं असेल तर मागून चालवायला पुढचा सिग्नल हाताशी नसतो. ट्रेनिंगलाही मग एकाच दिशेने चालणारा फिल्टर वापरावा लागतो. हे आधीच ठरवा. नंतर बदलायला गेलं की सगळं पुन्हा करावं लागतं.

सिग्नलची पट्टी समान करताना प्रत्येक ठोका वेगळा न करता पूर्ण नोंद एकत्र करा. पीव्हीसी पुष्कळदा शेजारच्या ठोक्यांपेक्षा उंच असतो. प्रत्येक ठोका वेगवेगळा ताणून एकाच उंचीचा केला, तर तो फरक आपणच पुसून टाकतो.

ठोका कापायचा कसा

आर शिखराच्या (क्यूआरएसच्या सुळक्याचं टोक) आधी ९० आणि नंतर १४४ नमुने घ्या. ३६० च्या गतीने हे पाव सेकंद आधी आणि ०.४ सेकंद नंतर होतं. पी लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंत साधारण ०.१२ ते ०.२० सेकंद लागतात, त्यामुळे पाव सेकंदात पी लहर सहसा येते. २३४ नमुन्यांचा एक तुकडा तयार झाला.

यात एस वर्ग दिसत नाही, हे आठवतंय ना? म्हणून प्रत्येक तुकड्याबरोबर दोन आकडे द्यायचे. पहिला, मागच्या ठोक्यापासूनचं अंतर भागिले त्याआधीच्या दहा अंतरांची सरासरी. दुसरा, पुढच्या ठोक्यापर्यंतचं अंतर भागिले तीच सरासरी. अवेळी ठोक्यात पहिला आकडा एकाहून बराच खाली येतो, आणि नंतरच्या विश्रांतीमुळे दुसरा बहुधा वर जातो. अंतर सेकंदांत देऊ नका, गुणोत्तरच द्या. ज्याचं हृदय मुळातच जलद चालतं त्याचे सगळे ठोके नाहीतर मॉडेलला अवेळी वाटतील. माझ्या प्रयोगांत एस वर्ग सगळ्यात जास्त कशाने सुधारला असेल तर या दोन आकड्यांनी. नेटवर्क कितीही खोल केलं तरी तेवढा फरक पडला नव्हता.

खऱ्या वापरात आर शिखरावर तज्ज्ञाची खूण नसते. तिथे शिखर शोधणारा अल्गोरिदम लागतो. १९८५ चा पॅन-टॉम्पकिन्स अजूनही चांगला चालतो, पण त्याचं शिखर खुणेपासून थोडं इकडेतिकडे पडतं. म्हणून ट्रेनिंगच्या वेळी तुकडा मुद्दाम पाच-दहा नमुने मागेपुढे सरकवून द्या. नाहीतर मॉडेल शिखर नेमकं ९१ व्या जागी असण्यावर विसंबून राहतं.

मॉडेल

इथे मी लोकांना निराश करतो. मॉडेल साधंच ठेवा. एकमितीय कन्व्होल्यूशनचे चार टप्पे, प्रत्येकात रुंदी ७, चॅनल अनुक्रमे ३२, ६४, १२८ आणि १२८. प्रत्येक टप्प्यात कन्व्होल्यूशननंतर बॅच नॉर्मलायझेशन, रेलू आणि लांबी निम्मी करणारं मॅक्स पूलिंग. शेवटी उरलेल्या लांबीची सरासरी काढली की १२८ आकडे हातात येतात. त्यांना ते दोन गुणोत्तरांचे आकडे जोडा. मग ६४ चा एक डेन्स थर, थोडं ड्रॉपआउट आणि तीन वर्गांचं उत्तर. एकूण पॅरामीटर दोन लाखांच्या आसपास होतात. पायटॉर्चमध्ये हे चाळीस ओळींत लिहून होतं आणि साध्या लॅपटॉपवरही ट्रेन होतं.

यापेक्षा मोठं काही इथे परवडत नाही, कारण ठोके पन्नास हजार दिसले तरी शिकवायला माणसं बावीसच आहेत. नेटवर्कची भूक ठोक्यांच्या संख्येने नाही, माणसांच्या संख्येने मोजायची. ट्रान्सफॉर्मर लावायचा उत्साह पीटीबी-एक्सएलसाठी राखून ठेवा.

शिकवताना

अ‍ॅडम ऑप्टिमायझर, लर्निंग रेट ०.००१, बॅच १२८. सुरुवात इथून करा. तपासणीच्या संचावर सगळ्या वर्गांच्या एफ-वन गुणांची सरासरी बघत राहा आणि ती आठ-दहा फेऱ्या वाढली नाही की थांबा.

खरी डोकेदुखी वर्गांच्या प्रमाणाची. डीएस१ मध्ये एन वर्गाचे सुमारे ४५,८६६ ठोके आहेत, व्ही चे ३,७८८ आणि एस चे फक्त ९४४. काहीच केलं नाही तर मॉडेल सगळं नॉर्मल म्हणून मोकळं होतं. लॉसमध्ये दुर्मीळ वर्गांना वजन द्यायचं, पण थेट उलट्या प्रमाणात नको. त्याने एस चं वजन एन च्या जवळपास पन्नासपट होतं आणि मग जिथे तिथे एस दिसू लागतो. मी वर्गमूळ घेतो, म्हणजे साधारण सातपट. कृत्रिम ठोके बनवून संख्या वाढवायची असेल तर तो उद्योग वाटणी झाल्यानंतर आणि फक्त ट्रेनिंग संचात करा. वाटणीच्या आधी केला की पेपर पुन्हा फुटला.

वजनं दिल्यावर मॉडेलने सांगितलेली शक्यता खरी राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. ते "७० टक्के एस" म्हणालं म्हणून शंभरात सत्तर वेळा एस असेलच असं नाही. तपासणीच्या संचावर टेंपरेचर स्केलिंग (मॉडेलचा आत्मविश्वास एका आकड्याने भागून ताळ्यावर आणणं) करून बघा, आणि सांगितलेली शक्यता व प्रत्यक्षातलं प्रमाण यांचा आलेख काढून मगच तिच्यावर विश्वास ठेवा.

सिग्नलमध्ये कृत्रिम बदल करून मॉडेलला चिवट बनवता येतं. एमआयटी-बीआयएचचाच एक गोंगाटाचा संच आहे. त्यात डुलणारी मूळ रेषा, स्नायूंची खरखर आणि इलेक्ट्रोडची हालचाल अशा तीन तऱ्हांचा खराखुरा गोंगाट नोंदवलेला आहे. तो वेगवेगळ्या प्रमाणात मिसळा. उंची दहा-वीस टक्के कमीजास्त करा. पण वेळ ताणू नका, निदान विचार न करता तरी नको. फोटोतलं मांजर ताणलं तरी मांजरच राहतं. ईसीजी ताणला तर क्यूआरएस रुंद होतो आणि नॉर्मल ठोक्याचा पीव्हीसीसारखा दिसणारा ठोका तयार होतो, वर लेबल मात्र नॉर्मलचंच.

हे सगळं वेगवेगळ्या सीडने पाच वेळा चालवा. एवढ्या थोड्या माणसांवर नुसत्या नशिबानेही आकडे बरेच हलतात.

मोजायचं काय

डीएस२ मध्ये सुमारे ८९ टक्के ठोके एन वर्गाचे आहेत. म्हणजे "सगळं नॉर्मल" असं छापणारी एक ओळ लिहिली तरी अचूकता ८९ टक्के. यापुढे कुणी नुसती अचूकता सांगितली तर हा आकडा आठवा.

प्रत्येक वर्गासाठी दोन गोष्टी सांगा. खऱ्या एस ठोक्यांपैकी मॉडेलने किती पकडले, म्हणजे संवेदनशीलता. आणि मॉडेलने एस म्हटलेल्यांपैकी खरोखर किती एस होते, म्हणजे सकारात्मक भाकीत मूल्य. सोबत पूर्ण कन्फ्यूजन मॅट्रिक्स छापा. मग पेशंटनुसार तक्ता करा, बावीस ओळींचा. पाहा, कोणत्या एका माणसावर मॉडेल साफ आपटलं? त्याचा ईसीजी उघडून डोळ्यांनी बघा. अशा एका तासात जितकं कळतं तितकं आठवडाभर पॅरामीटर बदलून कळत नाही.

आकड्यांची विश्वसनीयता काढताना बूटस्ट्रॅप करायचा तर ठोके नाही, पेशंट पुन्हा पुन्हा उचलायचे. ठोके उचलले तर मर्यादा खोट्याच अरुंद येतात. पेशंट उचलले की एस वर्गाचा पट्टा इतका रुंद होतो की आधी लाज वाटते. तोच खरा पट्टा.

मॉडेल लबाडी करतंय का

चांगले आकडे आले की संशय घ्यायची हीच वेळ. मी तीन चाचण्या घेतो. ती दोन गुणोत्तरं १ वर गोठवतो. मग एस वर्ग कोसळला पाहिजे आणि व्ही बराचसा टिकला पाहिजे. उलट झालं तर मॉडेल भलतंच काही शिकलं आहे. दुसरी, क्यूआरएसच्या आधीचा भाग सपाट करतो आणि उत्तर किती बदलतं ते बघतो. तिसरी, नुसता गोंगाट देतो. गोंगाटाला ते ठाम आवाजात पीव्हीसी म्हणालं, तर सिग्नलचा दर्जा तपासणारी एक चाळणी पुढे बसवावी लागेल. मॉडेलचं लक्ष कुठे आहे ते रंगवून दाखवणारे नकाशे दिसायला छान असतात, पण इनपुट बदलून उत्तर बघणं मला जास्त पटतं.

ठोक्याकडून लयीकडे

एट्रियल फिब्रिलेशन ओळखायचं तर ठोके कापायचेच नाहीत, तीस सेकंदांची पट्टी सलग द्यायची. वरचं चार टप्प्यांचं नेटवर्क तसंच उचलून इथे लावलं तर फसतं. हिशोब करून बघा. रुंदी ७ आणि प्रत्येक टप्प्यात लांबी निम्मी, तर चार टप्प्यांनंतर एका आकड्याला मूळ सिग्नलचे १०६ नमुने दिसतात. सेकंदाला ३०० नमुने असतील तर हे ०.३५ सेकंद. एवढ्यात दोन ठोकेसुद्धा येत नाहीत. तालच जिथे दिसत नाही, तिथे बेताल कसं कळणार? आठ टप्पे केले तर १,७८६ नमुने, जवळजवळ सहा सेकंद. आता पाच-सात ठोके एकत्र दिसतात. एवढं खोल गेलं की टप्प्यांना वळसा घालून जाणारे रेझनेटचे दुवे लागतात, नाहीतर ट्रेनिंग रखडतं.

स्टॅनफर्डच्या चमूने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम याच धाटणीचं आहे. कच्चा एकेरी लीडचा सिग्नल, खोल कन्व्होल्यूशन, रेझनेटचे दुवे आणि लयींचे बारा वर्ग. त्यांच्याकडे ५३,५४९ पेशंटच्या ९१,२३२ नोंदी होत्या, आणि सरासरी एफ-वन ०.८३७ आलं, तर सर्वसाधारण हृदयरोगतज्ज्ञांचं ०.७८०. रचना पाहिली तर जादू काही नाही. फरक आहे तो पेशंटच्या संख्येत, आणि चाचणी संचाची लेबलं तज्ज्ञांच्या समितीने एकमताने ठरवली होती त्यात.

दुसऱ्या अंगणात

एकाच संचावर शिकून त्याच संचाच्या तुकड्यावर परीक्षा दिलेलं मॉडेल अजून घराबाहेर पडलेलं नाही. दुसऱ्या उपकरणाने, दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या नोंदींवर ते चालवून बघा. लयीच्या मॉडेलसाठी एमआयटी-बीआयएच एट्रियल फिब्रिलेशन डेटाबेस सोयीचा आहे. त्यात सुमारे दहा-दहा तासांच्या २५ नोंदी आहेत आणि २३ जणांचे सिग्नल मिळतात. त्याची गती सेकंदाला २५० नमुने आहे, म्हणून आधी सगळं एका गतीवर आणा. हे विसरलं तर मॉडेलला प्रत्येक ठोका आखडलेला किंवा ताणलेला दिसतो, प्रोग्राम मात्र कसलीही तक्रार न करता चालतो.

आता मुद्दाम वेचलेल्या २५ नोंदींचा मुद्दा. तुमचं मॉडेल पेशंटच्या पातळीवर ९५ टक्के संवेदनशील आणि निरोग्यांना ९५ टक्के वेळा बरोबर नॉर्मल म्हणणारं आहे असं समजू. ते अशा १०,००० माणसांवर चालवलं ज्यांच्यात शंभरातल्या एकाला बिघाड आहे. १०० आजाऱ्यांपैकी ९५ सापडले. पण ९,९०० निरोग्यांपैकी ४९५ जणांनाही धोक्याची घंटा ऐकू आली. घंटा वाजलेल्या ५९० जणांत खरोखर आजारी ९५, म्हणजे सहात एक. मॉडेल तेच, फक्त माणसं बदलली. म्हणून उंबरठा ठरवण्याआधी विचारा, हे कुणावर चालणार आहे आणि घंटा वाजल्यावर पुढे काय होणार आहे?

अ‍ॅपल हार्ट स्टडीचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे या दृष्टीने बघण्यासारखे आहेत. घड्याळ नाडीवरून अंदाज घेत होतं, ईसीजीवरून नाही. ४,१९,२९७ सहभागींपैकी २,१६१ जणांना अनियमित नाडीची सूचना गेली. नंतर छातीवर ईसीजी पॅच लावून तो परत पाठवलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. बाकीच्या सगळ्या सूचना खोट्या होत्या असा अर्थ काढू नका. हा विकार येतो-जातो, आणि पॅच लावल्याच्या दिवसांत तो आलाच नसेल. लेबल आणि खरी परिस्थिती यांच्यात असं अंतर असतं, तेव्हा "मॉडेल चुकलं" म्हणण्याआधी लेबल कधी आणि कशावरून दिलं ते बघायला लागतं.

एवढं झाल्यावर मॉडेलच्या फोल्डरमध्ये एक पानभर टिपण ठेवा. कोणत्या नोंदी वगळल्या, एफ चं काय केलं, २०२ धरून आणि सोडून आकडे किती, नोंद २३२ वगळली तर एस चं काय होतं, कोणती गती, कोणता फिल्टर, किती सीड. माझ्या त्या पहिल्या मॉडेलबरोबर असं टिपण असतं, तर मित्राला तो प्रश्न विचारायची गरजच पडली नसती.